गुलाबी मासोळी
अमेरिकेतल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर सकाळपासून मी गळाला आमिष म्हणून सात खोटे मासे लावून फेकून पाहिले. लाटेत चंदेरी मासोळ्या पळत होत्या, म्हणून आधी चंदेरी, मग निळसर, मग हिरव्या पाठीचा. बास मासा एकालाही शिवला नाही. शेजारी गळ टाकून उभ्या फुर्तादोने टवके उडालेल्या एकाच आमिषावर भलामोठा बास वाळूत ओढला. “तू रंग जुळवत बस. पडदे शिवायचेत ना तुला,” तो म्हणाला. वाकून त्याने बासच्या जबड्यात आधीपासून रुतलेला गुलाबी खोटा मासा उपटला. “हा कुठल्या दीडशहाण्याचा?” मी तो ओळखला. बायकोने तो नेलपॉलिशने रंगवला होता. “समुद्रात गुलाबी मासोळी असते का?” मी चिडवलं होतं. “बासला विचारलंस?” ती म्हणाली. गेल्या रविवारी तिचं मन राखायला तो फेकला, आणि खडकात अडकला समजून दोरी कापली. तो खडक आता वाळूवर शेपूट आपटत होता.