बाबांच्या वाटची फरसबी

ठकीनं फरसबीचा तुकडा आपल्या हातानं उचलून तोंडात घातला, आणि आईचं तिकडे लक्षच नव्हतं. एरवी एवढ्यावर तिनं आनंदानं घर डोक्यावर घेतलं असतं. चार वर्षांची पोर, आणि हिरवं दिसलं की तोंडाला कुलूप! नाकदुऱ्या काढून झाल्या, चमच्याचं विमान उडवून झालं, बाहुलीला भरवून झालं. पण आज आईचे डोळे फोनवर होते आणि कान जिन्याकडे.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शनिवारी अर्धा दिवस काम, मग दुपारचं जेवण तिघांनी मिळून, हा घरचा नेम. आज जेवायची वेळ कधीच टळली होती. फोन लागत नव्हता. त्यात समोरच्या काकू दारात येऊन सांगून गेल्या, "अगं, बाजारापलीकडच्या उंच इमारतीत लिफ्ट कोसळली म्हणे. तुझे हे तिकडे नव्हते ना?" सांगितलं आणि गेल्या आपल्या घरी, यांचं काय जातंय!

आज कुठं काम आहे, हे बाबांनी सकाळी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती. पोरीला काकूंकडे टाकून धावत जावं का? आणि आपण गेलो नि तेवढ्यात ते आले तर? हातातला पाण्याचा पेला खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं.

"आई, माझं झालं."

आईनं वळून पाहिलं. ठकीचं ताट लख्ख होतं. आणि कार्टीनं बाबांचं झाकून ठेवलेलं ताट पुढ्यात ओढून त्यातली फरसबी खायला घेतली होती. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. एक उमासा आला, तो तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून परतवला आणि घास गिळला.

"अगं, अगं, ते बाबांचं आहे!"

"त्यांना आवडत नाही ना. म्हणून मी खातेय." ठकीनं पुढचा तुकडा उचलला. "सगळी संपली की पोतेवाला त्यांना सोडेल."

हा पोतेवाला आईनंच घरात आणला होता. परवाच, सगळे उपाय थकल्यावर, वैतागून. ताटात भाजी टाकणाऱ्याला पोत्यात घालून नेतो म्हणाली होती. आणि त्याच जेवणाला बाबांनी आपली भाजी ताटाच्या कडेला सारून लेकीकडे बघत डोळा मिचकावला होता. ठकी हसली नव्हती. ते आईला आत्ता आठवलं.

"नाही गं राणी," आई तिच्याजवळ खाली बसली. "पोतेवाला-बितेवाला कुणी नसतो. मी आपलं उगाच म्हटलं. खोटं होतं ते."

"मग बाबा कुठे आहेत?"

आईनं पुन्हा फोन लावून पाहिला. ठकी पुन्हा ताटाकडे वळली. तिला थांबवायला आईनं हात पुढे केला. पण तो हात मध्येच थांबला. खाऊ दे, असं तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच तिला भीती वाटली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, मध्येच थांबणारी. ठकी आईच्या पदराआड शिरली. आई उठून दाराशी गेली.

दारात बाबा होते. शर्टाला ग्रीस, एक बाही फाटलेली, चेहरा पांढराफटक. आईनं त्यांचा दंड धरला तो सोडेचना.

"अगं, काही झालं नाही मला. पाना घ्यायला म्हणून लिफ्टमधून बाहेर आलो आणि मागे धाडकन..." ते हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. "फोन तिथंच लिफ्टच्या खड्ड्यात गेला. मग चौकशा. निघूच देईनात. कुणालाही लागलं नाही, नशीब."

ठकी पदराआडून बाहेर आली, पण बाबांकडे धावली नाही. आधी त्यांच्या मागचा जिना तिनं नीट बघून घेतला. आई रडली, हसली, काकूंना दोन शब्द सुनावून झाले. मग तिनं दार लावलं, कडी घातली, कडी ओढून पाहिली, आणि बाबांना वाढायला बसली.

भुकेनं कासावीस झालेले बाबा चार घासांत माणसात आले. ठकीनं खाऊन उरलेले फरसबीचे थोडेसे तुकडे त्यांनी सवयीनं बोटानं कडेला सारले आणि लेकीकडे बघून डोळा मिचकावला.

ठकी आईकडे बघू लागली.

"अहो," आई म्हणाली, "ती भाजी खा."

"अगं, आज तरी सोड की मला!"

"खा म्हणते ना."

तिचा आवाज ऐकून बाबांनी वर पाहिलं. समोर दोघी बसल्या होत्या, मायलेकी, अगदी एकमेकींना चिकटून. दोघींचे डोळे ताटावर. त्यांनी एकेक तुकडा उचलून खाल्ला आणि ताट तिरकं करून दाखवलं.

आई पुढे वाकली. तिनं ताटातली वाटी थोडी बाजूला सरकवली.

"तो एक राहिलाय," ती म्हणाली.