स्टुडिओचा कोट

"रोमेल दुमालाग!" कारखान्याच्या कचेरीतल्या नेनिता मॅडमनी दारातून पुकारा केला, आणि बाकावरून एक मुलगी उठली.

"तू नाही गं. रोमेल. तुझा भाऊ का?"

"मीच रोमेल, मॅडम."

बाकावरची उरलेली पोरं फिदीफिदी हसली. मॅडमनी हातातल्या बायोडाटावरचा फोटो पाहिला, मग मुलीकडे, मग पुन्हा फोटो. फोटोत बॉयकट, काळा कोट आणि लाल टाय. समोर तोच बॉयकट, पण खाली निळा स्कर्ट.

"ये, आत ये," त्या म्हणाल्या. "आता काय!"

आत ताबुएना साहेब बसले होते, साखर कारखान्याचे मुख्य इंजिनीअर. गाळप हंगाम तोंडावर आला होता आणि बॉयलरवर शिकाऊ इंजिनीअर मिळत नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलीला पाहून त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "टायपिस्टच्या मुलाखती खाली."

"साहेब, हीच रोमेल."

साहेबांनी फोटो ओढून घेतला. "मग हे काय सोंग?"

रोमेलचे कान तापले. घरून पाठ करून आणलेलं सगळं कुठल्या कुठे पळालं. "स्टुडिओवाल्याने घोळ घातला, साहेब," एवढंच तिला सुचलं.

घोळच होता. आमच्या फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर बायोडाटावर कोटातला फोटो लागतो आणि कोट तर कुणाकडेच नसतो. मग स्टुडिओवाला तुमचा चेहरा घेतो आणि कॉम्प्युटरवर त्याखाली एक कोट चिकटवून देतो. पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी तिथे ही गर्दी. पठ्ठ्याने रांगेतल्या सगळ्यांना एकच कोट चढवला. रोमेलने घरी जाऊन पाकीट उघडलं तर गळ्यात टाय. अर्जाची शेवटची तारीख होती. तिने तसाच दिला. खाली 'स्त्री' असं लिहिलं होतं म्हणा, पण टाय पाहिल्यावर ते वाचतो कोण?

"आणि हे नाव?"

"बाबा रोहेलियो, आई मेल्बा. रो आणि मेल."

साहेब हसले. चांगले गदागदा हसले. रोमेललाही जरा हायसं वाटलं, तेवढ्यात त्यांनी तिचा कागद बाजूला सरकवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. बॉयलर म्हणजे रात्रपाळी, उकाडा, तोंडात शिव्या असलेली माणसं. बाईचं काम नव्हे ते. आणि उद्या लग्न झालं की तू चाललीस."

हे तिने आणखी दोन कारखान्यांत ऐकलं होतं. आता चौथा कारखाना जवळपास नव्हता. मावशीने शहरातल्या मॉलमध्ये शब्द टाकून ठेवला होता. तिथे विक्रेतीला उंची लागते, आणि उंची हिच्याकडे होती. पाच वर्षं वाफेची आणि उष्णतेची गणितं करायची आणि शेवटी कामाला काय यायची, तर उंची. रडायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि नेमके तेव्हाच डोळे भरून आले.

"साहेब," नेनिता मॅडम म्हणाल्या, "काल हा कागद तुम्हीच बाजूला काढलात. हा पोरगा हवाच म्हणालात. शेजारच्या कारखान्याने पळवायच्या आत नेमणुकीचं पत्र टाईप करून ठेवा म्हणालात. मी ठेवलंय."

"ते काल."

"मग रात्रीतून हिचे गुण कमी झाले का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बॉयलर चालू आहे," ते रोमेलला म्हणाले. "पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणीच दिसेनासं झालं. काय करशील?"

"आधी भट्टीत जाणारं उसाचं चिपाड बंद, हवा बंद. आग खाली आणायची, साहेब. आणि काही झालं तरी पाणी सोडायचं नाही. नळ्या लालबुंद असतील तर त्यावर पाणी पडलं की वाफ होऊन सगळं फुटेल." ती घाबरायचं विसरूनच गेली होती. "माणसांना लांब करायचं. बॉयलर आपोआप गार होऊ द्यायचा. मग बघायचं कुठे काय झालंय ते."

साहेबांनी तिचा कागद पुन्हा पुढे ओढला.

"सकाळपासून तीन पोरांनी माझा बॉयलर फोडलाय," ते म्हणाले. मग उठले. "द्या हिला ते पत्र. तेवढं 'श्री'चं 'कुमारी' करा." आणि कॉफी घ्यायला निघून गेले.

रोमेल मटकन खुर्चीत बसली. हुश्श! असं मोकळं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. हसू येत होतं आणि नाकही गळत होतं. मॅडमनी तिच्यापुढे रुमाल केला आणि पत्रात पेनाने एवढीशी दुरुस्ती केली.

सही करता करता रोमेलचा हात थांबला. "मॅडम, पगाराचा आकडा चुकलाय का? माझी मैत्रीण इथे प्रयोगशाळेत आहे. तीही इंजिनीअर, तीही शिकाऊच. तिला तर याच्या निम्मा..."

"चुकलेला नाही. मुलांचा आकडा आहे तो. मुलगा म्हणून टाईप केलं होतं ना."

"मग आता?"

"साहेब म्हणाले, 'श्री'चं 'कुमारी' करा. केलं." मॅडमनी शिक्का उचलला आणि जरा जोरातच हाणला. "बाकी काही बदला असं ते म्हणाले नाहीत. मला या आकड्यावर पोचायला केस पिकावे लागले. कर सही, पोरी, लवकर कर."

रोमेलने सही केली. कागद छातीशी धरून ती दाराकडे निघाली.

"आणि हे बघ," मॅडम मागून म्हणाल्या, "प्रयोगशाळेतल्या पोरींना हा आकडा सांगू नकोस हं. उगाच बोभाटा होईल."

"नाही सांगणार, मॅडम."

तिने दाराची मूठ धरली.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "सांग. सगळ्यांना सांग."