सॉक्रेटिस पळाला का?

“बोलत न्हाईत ते. दोन महिने झाले, तोंडातून शब्द न्हाई,” सुभद्राबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या खाटेजवळचं स्टूल पदरानं पुसून त्यांनी पुढं सरकवलं. “बसा भाऊ.”

इसाक बसला. माजलगावहून नांदूरघाटपर्यंत मोटारसायकलवर जो प्रश्न त्यानं शंभर वेळा घोळवला होता, तो आता विचारून उपयोग नव्हता. समोर शहादेव गुरुजी पडले होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, डोळे मात्र उघडे. आपल्याला उशीर झाला, थोडाथोडका नाही, चाळीस वर्षांचा, हे त्याला कळलं.

तो इथल्याच शाळेत सातवीत असताना गुरुजी शेवटच्या तासाला सॉक्रेटिसची गोष्ट सांगायचे. रोज थोडी थोडी. अथेन्स नावाच्या गावात एक अनवाणी म्हातारा होता. स्वतःला शहाणं समजणारा माणूस दिसला की हा त्याला गाठायचा. धाडस म्हणजे काय? चांगलं जगणं म्हणजे काय? तुला खरंच माहीत आहे का? मला तर नाही बुवा माहीत. गावातली मोठी माणसं चिडली. खटला झाला, विष पिऊन मरायची शिक्षा झाली. मग एका पहाटे त्याचा मित्र तुरुंगात आला आणि म्हणाला, पहारेकरी मी फितवलाय, बाहेर माणसं उभी आहेत, चल. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. “उरलेली उद्या,” गुरुजी म्हणाले.

इसाकचा तो उद्या उजाडलाच नाही. त्या संध्याकाळी फळांचा गाडा ढकलणाऱ्या अब्बांना ट्रकनं उडवलं, पाय कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी इसाक माजलगावात, मामाच्या मोटर भरायच्या दुकानात जळालेल्या मोटरींवर तांब्याची नवी तार गुंडाळत होता.

गुरुजी म्हणायचे सॉक्रेटिस, अब्बा म्हणायचे सुकरात. ही दोन वेगळी माणसं आहेत असं इसाकला कित्येक वर्षं वाटायचं. अब्बांना नावापलीकडे काही ठाऊक नव्हतं आणि मोटर भरायच्या दुकानात असला विषय कोण काढतंय? दोन्ही एकच, हे त्याला लेकीनं, जिनतनं सांगितलं. पुढचंही सांगते म्हणाली, फोनवर मिनिटात सापडतं. त्यानं कानांवर हात ठेवले. “फोनला काय ठाऊक गुरुजी कसं सांगतेत ते?”

त्याला गोष्ट हवी होती, पण त्या आवाजात हवी होती. त्या शेवटच्या तासाची ओढ त्याच्या मनातून कधी गेलीच नाही. काहीतरी होऊन गुरुजींसमोर जायचं, असं तो ठरवत राहिला. मोटरींच्या वार्निशनं काळे झालेले हात घेऊन जायची त्याला लाज वाटायची. काल नांदूरघाटचं एक गिऱ्हाईक म्हणालं, गुरुजी आता फार दिवसांचे सोबती नाहीत. तेव्हा कुठं हा शहाणा दुकान बंद ठेवून निघाला.

“काकू, त्यान्ला ऐकू येतंय का?”

“येतंय की. समदं कळतंय.” एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मग इसाकनंच गोष्ट सांगायला घेतली. जशी ऐकली होती तशी, जिथं गुरुजी थांबायचे तिथं थांबत. अनवाणी म्हातारा आला, खटला झाला, पहाट झाली, मित्र ‘चल’ म्हणाला. पुढं त्याच्याकडे काहीच नव्हतं.

“इथंच घंटा झालती, गुरुजी. मग तो पळाला का न्हाई?”

गुरुजींचा डावा हात चादरीवरून हळूहळू उठला. बोट इसाककडे वळलं. वर्गातही ते असंच करायचे, उत्तर स्वतः कधी द्यायचे नाहीत. तू सांग.

पन्नाशी उलटलेल्या इसाकच्या कपाळाला घाम फुटला.

“न्हाई पळाला,” तो म्हणाला.

बोट खाली येईना. त्याचा अर्थ सातवीतल्या प्रत्येक पोराला माहीत होता. कावून? कशापायी?

“पळाला असता तर आदी जे जे बोलला ते समदं लबाडीचं झालं असतं. गुरुजी, न जळालेली मोटर जळाली म्हणून मी कदी सांगत न्हाई. कळलं न्हाई तर कळलं न्हाई म्हणतो. लोक हसतेत, येडा म्हणतेत. ते मी त्याच्यापासूनच घेतलं. तो पळणारा असता तर मला इतकी वर्षं निभलं नसतं.”

बोट खाली आलं. गुरुजींच्या डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. इसाकनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. उत्तर बरोबर आलं की चुकलं, हे त्या आवाजात आता कधीच ऐकायला मिळणार नव्हतं. त्याला रडू आवरेना.

सुभद्राबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

“भाऊ, तुमचं नाव काय म्हणलात?”

“सांगितलंच न्हाई, काकू. इसाक.”

त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि त्या तिथंच भिंतीला टेकून बसल्या.

“आमचा अंगद ह्यांच्याच वर्गात होता, तुमच्या मागून चार सालानं. घरी येऊन भांडायचा, गोष्ट अर्धीच सांगतेत म्हणून. पोटच्या पोरालाबी पुढची सांगितली न्हाई. रिटायर होईस्तोर दर साली पोरं विचारायची, गुरुजी, पुढं काय झालं? आन् हे म्हणायचे, दम धरा, इसाकला येऊ द्या.”