चोवीस उंदरांचा खुराक

तिसऱ्या तुकडीतही तेच. अश्विनीने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पदराने खसाखसा पुसला आणि पुन्हा डोळा लावला. चरबी लाल दिसावी म्हणून काचेवर खास रंग चढवला होता, पण लाल म्हणावा असा एक ठिपका दिसेल तर शपथ. उंदराचं यकृत धुतल्या तांदळासारखं स्वच्छ होतं.

तिला ते स्वच्छ नकोच होतं. दहा आठवडे ती या उंदरांना कोलीन नसलेला खुराक देत होती. कोलीन म्हणजे ब जीवनसत्त्वांच्या पंगतीत बसणारी गोष्ट. ते मिळालं नाही की यकृताला आपल्याकडची चरबी बाहेर धाडता येत नाही, आणि पेशी-पेशीत तिचे थेंब साचत जातात. हे साठ वर्षांपासून पुस्तकात छापलेलं होतं. अश्विनीला त्याच्या पुढचं शोधायचं होतं. पण मेलं पुस्तकातलंच होत नव्हतं, तर पुढचं कुठून होणार?

"बेन, तमारा उंदर तो मारा करतां वधारे तंदुरस्त छे," तुमचे उंदीर माझ्याहून धडधाकट आहेत, असं मार्गदर्शक देसाईसर त्यांच्या गुजरातीत हसून म्हणाले होते. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. अश्विनीची चार वर्षं पाण्यात जाणार होती.

तिने सगळं करून पाहिलं. तेल बदललं, रंग बदलला, तराजू तपासून आणला. खुराक तर ती स्वतः कालवायची. साखर, मक्याचं पीठ, तेल, जीवनसत्त्वांची भुकटी, सगळं मुंबईहून मागवलेलं. दुधातलं प्रथिन मात्र नावापुरतंच, कारण ते जास्त झालं की शरीर त्यातूनच कोलीन बनवतं. रोज सकाळी ती चोवीस पुड्या तोलून उंदीरघर सांभाळणाऱ्या हिलालबाबांच्या हाती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी वाट्या चाटूनपुसून रिकाम्या असायच्या. उंदीर खात होते, फुगत होते आणि तिच्या नाकावर टिच्चून निरोगी राहत होते.

हिलालबाबांवर तिचा कधीच संशय गेला नाही. प्लेगच्या साथीला अजून वर्षही झालं नव्हतं. सुरतेत उंदीर म्हटलं की माणसं नाकाला रुमाल लावून पळत, आणि उंदीरघराच्या कामाला कॉलेजात कुणी तयार होईना. तेव्हा हा खानदेशातला म्हातारा शहरातल्याच कतारगामहून चालत आला आणि 'मी करतो' म्हणाला. त्याच्या हाताखाली पिंजरे लख्ख असत.

चरफडतच अश्विनीने पुढचा उंदीर घेतला. यकृत बाजूला काढलं आणि सहज, नुसत्या वैतागापोटी, जठरालाही काप दिला. आत पांढरा लगदा असायला हवा होता. तिथे करडं काहीतरी होतं, आणि त्यात काळी, बारीक सालं.

देसाईसरांना ती सालं जन्मात ओळखू आली नसती. अश्विनी खानदेशातल्याच पारोळ्याची होती. ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी खाऊन ती वाढली होती.

ती हातमोज्यांसकट तरातरा उंदीरघरात गेली. हिलालबाबा वाट्या घासत बसले होते.

"बाबा, तुम्ही उंदरांना भाकरी घालता?"

"घालतो ना," हिलालबाबा सरळ म्हणाले. "रोज घालतो. गणपतीचं वाहन ते. त्याहीले उपाशी कसं ठेवू?"

"अहो, दहा आठवडे! तीन तुकड्या!" अश्विनीचा आवाज चिरकला. तिला रडावं की समोरची बादली लाथाडावी कळेना. "माझं वाटोळं केलंत तुम्ही. मी डोळ्यांत तेल घालून गुंजभर मोजून देते आणि तुम्ही वर भाकरी कुस्करता?"

"वर नाही, ताई. भाकरीच. तुमचं ते मी त्याहीले देतच नाही."

"देत नाही? मग जातं कुठे ते? गटारात ओतता?"

आता म्हाताऱ्याला राग आला. त्याने हातातली वाटी ठक्कन खाली ठेवली.

"अन्न ओतीन का मी? साखर, तेल, दुधाची भुकटी, वरून औषध. असं खाणं कोणी उंदराले घालतं का, ताई? म्हटलं, त्याहीले भाकर, आणि हे घरी नातीले. उष्टं नाही काही. पुडी जशीच्या तशी नेतो."

अश्विनीने हातमोजे ओढून काढले. "नातीला?" ती कसंबसं म्हणाली. "केवढी आहे?"

"तीन वर्षांची. आई नाही तिले. पोरगा दिवसभर कापडाच्या लूमवर. भाकर चावायचीच नाही, नुसती काडी झाली होती." हिलालबाबांचा राग कुठल्या कुठे गेला. "आता दुसऱ्या कशाले तोंडच लावत नाही. तीन टाइम हेच, गोड लागतं ना."

"बाबा, ती... ती कशी आहे आता?"

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. ओले हात धोतराला पुसत तो उठून उभा राहिला.

"एकदम गुबगुबीत! दिवसभर मांडीवर गपचूप बसून राहते, रडत नाही की पळत नाही. पोट असं टम्म आलंय, आणि पाय तर इतके भरलेत, ताई, की बोट दाबलं तर खड्डा पडतो."