लहान खोलीची भिंत

"अगं, ओला पाला कोंबू नकोस. भिंतीला सर्दी होईल." बाबांनी लुत्सिनाच्या हातातली टोपली काढून घेतली. "वॉर्सात पाला इस्त्री करून विकतात वाटतं?"

लुत्सिना हसली. हिवाळ्याआधी ओंडक्यांच्या घराला बाहेरून ऊब बांधायची, हे गावातलं दरवर्षीचं काम. भिंतीपासून हातभर अंतरावर काठ्यांचा कूड उभा करायचा आणि मधल्या फटीत कोरडा पाला, पेंढा, पाइनच्या सुया खिडकीपर्यंत दाबून भरायच्या. लहानपणी बाबा तिला काखेत धरून त्या फटीत सोडायचे. ती आत नाचायची आणि पाला दबत जायचा. पुढे कितीतरी दिवस तिच्या मोज्यांना राळेचा वास येत राही.

आज ती एक गोष्ट सांगायला आली होती. नवरा उन्हाळ्यातच दुसरीकडे राहायला गेला होता. वॉर्सातलं घर तिला खायला उठत होतं. पण बाबा कुंपणापलीकडच्या गेनोवेफाला ओरडून सांगत होते, "बघ, राजधानीची बाई पाला भरतेय!" तो आवाज ऐकला आणि तिचे शब्द तोंडातच राहिले.

दुपारी बाबा लहान खोलीच्या भिंतीकडे वळले. ही खोली तिची. लग्न होऊन ती गेल्यापासून खोली हिवाळाभर बंद असायची आणि तिची भिंत उघडीच राहायची.

"ही कशाला, बाबा? आत कोण झोपणारेय?"

"उंदीर. त्यांना काय थंडी वाजत नाही?"

ती भिंत त्यांनी सगळ्यांत जाड भरली. मग कुडावर हात टेकून ते तिच्याकडे बघत राहिले. ती हातांना चिकटलेल्या सुया झटकत राहिली.

"बस आहे ना तुझी?" शेवटी ते म्हणाले. "निघ मग. चुकेल."

दुसऱ्या दिवशी गेनोवेफाचा फोन आला. धुराड्यातून धूर दिसेना म्हणून ती बघायला गेली होती. बाबा झोपेतच गेले होते.

लुत्सिना पोचली तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यांना लग्नातला कोट घालून ठेवलं होतं. भोवती गावातल्या बायका मृतासाठीची प्रार्थनागीतं गात होत्या. गेनोवेफाने तिला लहान खोलीत नेलं. पलंगावर स्वच्छ अंथरूण होतं.

"त्यानंच घातलंय."

"पण मी कुठे राहायला येणार होते, मावशी?"

"मीही तेच म्हटलं. रिकाम्या खोलीची भिंत कुणी भरतं का? तर म्हणाला, रिकामी कुठाय? पोर हा हिवाळा इथेच काढणारेय. ती आपणहून बोलेल, तोवर तू काही विचारू नकोस तिला."

लुत्सिना बाहेरच्या खोलीत आली. बाबांच्या उशाशी बसली. त्यांची कॉलर नीट केली. गाणं थांबलं.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला तिथे एकटीला राहवत नाही. मी घरी येऊ का?"