चौदा पिढ्यांची वंशावळ

माझ्या ईसीजीवरून नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला हृदयविकार?"

आमच्या चौदा पिढ्यांची वंशावळ दिवाणखान्यात फ्रेम करून लावली आहे. त्यात हे कुठंच लिहिलेलं नाही. मी सोबत आलेल्या आत्याकडे पाहिलं.

"आमच्यात कुणालाच आजार नाही हो," ती म्हणाली.

"मग आजोबा कशानं गेले?" मी वैतागलो.

"पूजेत बसल्या बसल्या. भाग्य लागतं त्याला."

"आणि अण्णाकाका?"

"जेवून पान लावलं नि गेला. कुणाला त्रास दिला नाही."

"अगं, पण वय किती होतं त्यांचं?"

"दोघंही पंचेचाळिशीचे. आमच्या घराण्यात अंथरुणाला खिळून कुणी गेलं नाही."

डॉक्टरांनी पेन उचललं. "पेशंटचं वय?"

"येत्या चैत्रात पंचेचाळीस पूर्ण होतील," आत्या म्हणाली आणि तिनं एकदम माझा हात घट्ट धरला.