म्होरकीची लेक

"समुद्र काय म्हणतोय?" माल-सुनने विचारलं.

ओक-ही शेकोटीपासून उठली आणि काळ्या खडकाकडे बघू लागली. "फेस डाव्या अंगालाच आहे. बहुतेक जायला हरकत नाही."

"म्होरकीच्या तोंडी बहुतेक शोभत नाही. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"हो."

माल-सुनने मान हलवली. तेवढ्यावर बायका उठल्या आणि आपापले तरंगते बोये उचलून खाली गेल्या. म्होरकीची मान हलली की या बेटावर पुढे कुणी तोंड उघडत नाही. श्वास रोखून तळाच्या शिंपल्या काढायच्या, तिथे वाद घालत बसलं तर जिवावर बेततं.

हिवाळ्यापासून माल-सुन स्वतः पाण्यात उतरत नव्हती. कान दुखतात म्हणायची. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून किनाऱ्यावर यायची आणि दिवसभर तिलाच विचारत राहायची, फेस कुठे आहे, ढग कसे आहेत, कोणाचा बोया कुठवर गेला.

"चौदा वर्षांची पोर आमच्या जिवाचा फैसला करणार होय गं?" चुन-जाने एकदा विचारलं. ती माल-सुनची लहानपणापासूनची मैत्रीण. असं बोलायची सोय तिलाच होती.

"माझ्यामागे तिलाच करायचाय. चुकली तर मी आहेच की बोलायला."

"बघ बाई. कारभारणीबाई आत्ताच आम्हाला मावशी म्हणायच्या बंद झाल्यात."

तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. पण ओक-हीला आईने आजवर एकदाही अडवलं नव्हतं. पोरीला वाटायचं, आपल्याला जमलं. का वाटू नये?

त्या सकाळी मात्र खडकाच्या उजव्या अंगालाही फेस दिसला. थोडासाच, मधूनमधून. तिकडे फेस म्हणजे समुद्र उलटायची खूण. ओक-ही घुटमळली. बहुतेक म्हणायची तर सोय नव्हती.

"डावीकडेच आहे," ती म्हणाली. "जाऊ दे त्यांना." आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. चुकत असेन तर आता बोलेल.

माल-सुनने मान हलवली.

ओक-हीच्या जिवात जीव आला. चुन-जाने एकदा खडकाकडे बघितलं, एकदा माल-सुनकडे बघितलं, आणि आपला बोया उचलला. गावातला तेवढा एकच पिवळा बोया. लांबून ओळखू यावा म्हणून माल-सुननेच तो रंगवून दिला होता.

दुपारी समुद्र उलटला. बायका एकमेकींना ओढत, खोकत वर आल्या. एक जण आली नाही. तिचा बोया तेवढा दोघींनी ओढून आणला आणि माल-सुनच्या मांडीवर ठेवला. नाव घ्यायचा धीर कोणालाच झाला नाही.

"पोर लहान आहे, माल-सुन," त्यातली एक अखेर म्हणाली. "पण तू तर इथेच उभी होतीस. आम्ही तुझ्या भरवशावर उतरलो."

"तू बोलणार होतीस ना, आई?" ओक-ही हुंदके देत म्हणाली. "मी चुकले की तू बोलणार होतीस."

वर लख्ख ऊन पडलं होतं. माल-सुनने मांडीवरचा पिवळा बोया दोन्ही हातांनी चाचपला, सावकाश फिरवला, पुन्हा चाचपला.

"हा कोणाचा गं?" तिने विचारलं.